घाटमाथ्यावर थांबलेली गाडी

“गाडी आज तरी सुटणार आहे का, विचार त्यांना,” आई मला म्हणाली.

बाबा तिच्यापासून चार हातांवर, दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर मार्चमधला होता. नवा यायचा बंद होऊन महिना उलटला होता, तरी सकाळी चहाबरोबर बाबा जुन्या गठ्ठ्यातला एक काढत आणि नव्यासारखा उलगडत.

“बाबा, आई विचारतेय—”

“ऐकलं. जिल्ह्याची हद्द बंद आहे. पुढील आदेशापर्यंत गाडी घाटमाथ्यावरून हलणार नाही. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

“दिलगीर आहेत म्हणे. तोंड बघ त्यांचं. कुठे दिलगीर दिसतायत?”

बाबांनी पेपर थोडा वर उचलला, तोंड दिसू नये एवढा.

गाडी नव्हतीच. घाटही नव्हता आणि जिल्ह्याची हद्दही नव्हती. कराडमधल्या आमच्या घरात मधल्या खोलीत एक पलंग होता, खुब्याचं ऑपरेशन झालेली आई होती आणि एसटीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले बाबा होते. एवढ्या सामानातून कराड–देवरुख अशी एक गाडी तयार झाली होती. गेले तीन दिवस ती कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, उभी होती. म्हणून आई बाबांशी बोलत नव्हती.

दोन हजार वीसच्या मे महिन्यातला तो गुरुवार. बाबांचा तो शेवटचा दिवस होता. आम्हाला ते ठाऊक नसल्यामुळे तो भांडणात गेला.

*

मार्चच्या सुरुवातीला आई न्हाणीघरात घसरली. हाड जोडलं, टाके निघाले, फिजिओथेरपीसाठी एक मुलगी रोज घरी येऊ लागली. मी पुण्यात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चार दिवसांच्या रजेवर कराडला आले होते, एका पिशवीत चार कपडे आणि दोन जाडजूड कादंबऱ्या घेऊन. मग सगळं बंद झालं. मुलगी यायची थांबली आणि मी जायची.

डॉक्टर फोनवर म्हणाले, “त्यांना चालवा. मेअखेरपर्यंत आधाराशिवाय चालता आलं पाहिजे. एकदा भीती मुरली, तर हाड सुधारेल पण चालणं जाईल. मग वॉकर कायमचा.”

आईची भीती मुरायला लागली होती. वॉकर पलंगाशी उभा असायचा आणि ती त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघायची.

“पडले तर नेणार कुठे मला?” ती म्हणायची. “दवाखाने भरलेत. धड माणूस आत गेलं तर चौदा दिवस बाहेर सोडत नाहीत. मी इथेच बरी.”

नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या दिवसांत फार उत्साह होता. कोणी कुकरमध्ये केक करत होतं, कोणी कॉफी तासभर घुसळत होतं. एक मावसभाऊ रोज सकाळी सात वाजता उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्याखाली ‘सकारात्मक राहा, व्यस्त राहा’ असा संदेश पाठवायचा. बाबा तो मोठ्याने वाचून दाखवत.

“मी सकारात्मकच आहे,” आई म्हणाली. “पलंगावर सकारात्मक आहे. उठले की नकारात्मक होते.”

मीही त्या दोन कादंबऱ्या संपवायचं ठरवलं होतं. महिन्याभरात पहिलीची अकरा पानं झाली. त्यातली चार दोनदा.

बंद सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी साडेआठला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. कराड स्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. ध्वनिक्षेपकावरचा त्यांचा आवाज गावात लोकांना ओळखीचा होता. भाजी घेताना ते बोलले तरी माणसं आपली पिशवी सांभाळायची, गाडी लागल्यासारखी. तो आवाज त्यांनी लावला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाटण, कोयनानगर, चिपळूण, संगमेश्वर मार्गे देवरुखला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.”

मी स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आले. आईने चष्मा लावला.

“कुठे जाणारी?”

“देवरुख.”

देवरुख आईचं माहेर. तिथे तिचा भाऊ, आमचे भाऊमामा. आई सहा वर्षांत तिकडे गेली नव्हती. एसटीतल्या माणसाची बायको. फुकट पास होता, पण बाबांना रजा नसायची. दिवाळीत जादा गाड्या, गणपतीत जादा गाड्या, मे महिन्यात लग्नसराई. निवृत्त झाल्यावर कसली रजा, म्हणून जाणं राहिलं.

“पंचेचाळीस वर्षांत स्वतःहून देवरुखला निघालेली तुमची ही पहिली गाडी,” आई म्हणाली. “कितीला सुटते?”

“प्रवासी चढला की.”

आणि आई चढली. म्हणजे वॉकर धरून उभी राहिली.

बाबांनी योजना रात्रभर जागून केली असावी. पलंग, स्वयंपाकघर, मागचं अंगण, बाहेरची खोली आणि पुन्हा पलंग अशी एक फेरी म्हणजे एक किलोमीटर. कराड ते देवरुख साधारण एकशे साठ. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी सगळे थांबे लिहून ते फ्रिजवर चिकटवलं. आईच्या डाव्या कोपराखाली त्यांचा एक हात असायचा. दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. आई म्हणेल तिथे खुर्ची टेकायची, म्हणजे तो थांबा. पहिल्या फेरीत बारा थांबे झाले.

“ही जलद गाडी आहे,” बाबा म्हणाले.

“मग खुर्ची कशाला आणलीत?”

“विनंती थांबा.”

मी वाहक. तिकीट फाडायला मी गेले तर आईने हात आडवा केला. “मी ज्येष्ठ नागरिक आहे. मला अर्धं तिकीट.”

“वैजू, अर्धं दे.”

“म्हणजे ऐंशीच फेऱ्या,” आई म्हणाली.

“तिकीट अर्धं. अंतर पूर्ण.”

“हा अन्याय आहे. तक्रार पुस्तक कुठे आहे? प्रत्येक गाडीत असतं.”

बाबांनी खरोखरच माझी एक जुनी शाळेची वही आणून दिली. वरच्या पानावर ‘तक्रार पुस्तक’ लिहिलं आणि वहीच्या भोकात दोरीने पेन बांधलं. चुकलं ते तिथे. आई चौथीच्या वर्गाला चोवीस वर्षं शिकवून निवृत्त झाली होती. तिला वही आणि पेन देणं म्हणजे शस्त्र देणं. पहिल्या आठवड्यातच तीन तक्रारी झाल्या.

‘वाहक चालू गाडीत फोनवर बोलत होती.’ ‘गाडीत पंखा नाही.’ ‘नियंत्रक हे प्रवाशाच्या मागून चालताना प्रवाशाच्या चालीची नक्कल करतात असा संशय आहे.’

प्रत्येक तक्रारीखाली बाबा लाल पेनाने शेरा लिहीत: ‘चौकशी केली. तथ्य आढळले नाही.’

“आरोपीच चौकशी करतोय,” आई म्हणायची. पण सकाळी साडेआठला तिने वेणी घातलेली असायची.

आमच्या घराच्या भिंतीला लागून तांबोळींचं घर. तांबोळी एसटीत चालक होते, बाबांच्या हाताखाली नाही पण नजरेखाली. गाडीला उशीर का झाला यावरून दोघांची वीस वर्षं जुंपायची. त्यांनी तिसऱ्याच दिवशी भिंतीवरून डोकं काढलं.

“साहेब, कोणती गाडी ओ?”

“देवरुख.”

“ड्रायव्हर कोण?”

“प्रवासीच चालवतो.”

“अरारा,” तांबोळी म्हणाले. “वहिनी, ऐका माझं. उंबरा आला की घाई नाय करायची. आधी चांगला पाय वर, मग काठी, मग दुखरा. उतरताना उलटं. घाटातबी आमी असंच करायचो.”

“घाटात तुम्ही सतरा मिनिटं लेट करायचात,” बाबा म्हणाले.

“माणसं जिवंत पोचायची ना पण?”

त्या दिवसापासून रोज मागच्या अंगणात गाडी आली की भिंतीवर तांबोळी असायचे. अंगणाला त्यांनी ‘मल्हारपेठ’ नाव दिलं. गाडी कुठेही पोचलेली असो, अंगण आलं की ओरडायचे, “मल्हारपेठ! चहा घेणारे उतरा!” बाबांना याचा भयंकर राग यायचा. “पाटण ओलांडल्यावर मल्हारपेठ कशी येईल, तांबोळी?” पण आई तिथे थांबून खरोखर चहा प्यायची. तांबोळींच्या घरचा, भिंतीवरून आलेला, आल्याचा.

खऱ्या पाटणला आम्ही पोचलो त्या दिवशी भजी केली. आईने पलंगावर बसून पिठात मीठ किती ते सांगितलं, मी तळली, बाबांनी घोषणा केली. कोयनानगर यायच्या आधी आईने एक फेरी चोरली. बाबा फोनवर असताना ती स्वयंपाकघरातून परत वळली आणि पलंगावर येऊन बसली.

“झाली,” ती मला म्हणाली.

“आई, अंगण राहिलं.”

“तू वाहक आहेस का पोलीस?”

बाबांनी फोन ठेवून वहीत लिहिलं: ‘प्रवासी आडवाटेने उतरल्याचे निदर्शनास आले. एक किलोमीटर रद्द.’

“बघते मी तुम्हाला,” आई म्हणाली. आणि तो किलोमीटर पुरा करायला ती उठली तेव्हा रागाच्या भरात वॉकर घ्यायला विसरली. पलंगापासून दारापर्यंत पाच-सहा पावलं. दारात तिच्या लक्षात आलं. तिने चौकट घट्ट धरली आणि आमच्याकडे बघितलं. बाबांनी जाऊन आपला हात तिच्या कोपराखाली धरला आणि म्हणाले, “चला, मागे गाड्या तुंबल्यात.”

कोयनानगरपासून वॉकर अंगणात उन्हात पडला. बाबांचा हात तेवढा राहिला. दिवसाला चार-चार फेऱ्या होऊ लागल्या. आई भाऊमामांना फोन करून सांगायची, “अरे, घाटाच्या जवळ आले मी. मे संपायच्या आत येते बघ.” मामा तिकडून विचारायचे, “जेवायला काय करू?” फणसाची भाजी ठरली होती.

बाबांचा बेत असा होता की घाट चढून झाला की आपण हात काढायचा. उतार प्रवाशाने एकट्याने करायचा.

आणि अडुसष्टाव्या किलोमीटरला, मंगळवारी सकाळी, प्रवासी वेणी घालून पलंगाच्या कडेला बसलेला असताना, मी आत जाऊन तिच्या हातात एक कागद दिला. अक्षर माझं होतं, सही बाबांची.

‘ज्याअर्थी सातारा व रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द बंद असल्याचे निदर्शनास आले आहे, आणि ज्याअर्थी सदर प्रवाशाकडे प्रवासाचा पास नाही, त्याअर्थी कराड–देवरुख ही गाडी पुढील आदेशापर्यंत घाटमाथ्यावर थांबविण्यात येत आहे. दरम्यान प्रवाशाने बसल्या जागी पायाचे व्यायाम करावेत. वीस सकाळी, वीस संध्याकाळी.’

आईने दोनदा वाचला. आधी ती हसली.

“छान लिहिलंय. चला, उठू का?”

“हद्द बंद आहे,” बाबा दारातल्या खुर्चीतून म्हणाले.

“कुठली हद्द?”

“जिल्ह्याची. टीव्हीवर रोज दाखवतायत. पोलीस उभे आहेत.”

“अहो, पोलीस खऱ्या घाटात उभे आहेत! आपल्या स्वयंपाकघरात कोण उभं आहे?”

“नियम तो नियम.”

“गाडीच नाहीये! नसलेल्या गाडीला पास कसला?”

“गाडी नसेल. पण नियम आहे.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

“वैजू, हे गंमत करतायत ना?”

“आई, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तोवर व्यायाम कर की.”

“तू पण त्यांचीच!”

आवाज ऐकून तांबोळी भिंतीवर आले. “काय झालं ओ?”

“मला घाटात अडवलंय,” आईने खिडकीतून सांगितलं. “पास नाही म्हणून.”

तांबोळींनी भिंतीवर कोपरं टेकली. वीस वर्षं ज्या माणसाशी ते भांडले, तो माणूस त्यांना पुरता ठाऊक होता. तरी हे त्यांनाही जास्त वाटलं असावं. “साहेब, सोडा की वहिनींना. पोलिसांचं मी बघतो. माझ्या वळखीचे हायत तिथं.”

“तांबोळी, तुम्ही मध्ये पडू नका.”

“मी कुटं पडतोय? मी भिंतीवर हाय.”

आईने वही मागवली. लिहून झाल्यावर पेन दोरीसकट आपटलं आणि मला म्हणाली, “सांग त्यांना, घाट उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलणार नाही.”

“ऐकलं,” बाबा म्हणाले.

“ऐकलं असेल तर उत्तर देऊ नका म्हणावं. मी तुझ्याशी बोलतेय.”

*

तर त्या गुरुवारी अबोल्याचा तिसरा दिवस होता. आईने सकाळचे वीस व्यायाम दात ओठ खाऊन केले. पाय असा उचलत होती की जणू समोर कोणी उभं आहे. दुपारी आमटी-भात, तोंडी लावायला कैरीचं ताजं लोणचं. बाबांनी बरणीकडे बोट केलं. आईने बरणी उचलून माझ्यापुढे ठेवली. मी ती बाबांपुढे सरकवली. बाबा त्यातली एक फोड घेऊन म्हणाले, “वाहकाचे आभार.”

चारच्या सुमाराला आईने त्या दिवशीची तक्रार लिहिली. ‘गाडी बंद ठेवण्यामागे प्रवाशाचा छळ हाच हेतू आहे. नियंत्रकाला प्रवाशाच्या माहेरी जायचेच नाही. यापूर्वीही पंचेचाळीस वर्षे हेच झाले आहे.’

बाबांनी वही बराच वेळ मांडीवर धरली. लाल पेन खिशात होतं, ते काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी त्यांनी वही मिटून मला दिली.

“शेरा?” मी विचारलं.

“उद्या लिहितो. नीट विचार करून लिहायला हवा.” मग आईला ऐकू जाईल असं म्हणाले, “सोमवारी हद्द उघडेल असं वाटतं.”

“सांग त्यांना, सोमवारी प्रवासी चढेलच याची खात्री नाही,” आई म्हणाली. पण तिचा स्वर थोडा उतरला होता. तिने तोंड भिंतीकडे केलं, आणि मला वाटतं, ती हसली. बाबांना ते दिसलं नसणार.

*

शुक्रवारी सकाळी सहा वाजता दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठले. बाबा स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते. मी गॅस बंद केला, मग त्यांच्याकडे वळले. क्रम तो चुकलाच, पण फरक पडला नसता. गल्लीतले डॉक्टर तोंडाला दोन मास्क लावून आले, वाकले आणि सरळ होऊन म्हणाले, “हृदयच. त्रास फारसा झाला नसेल.”

कोणाला येता येत नव्हतं. मामांचा फोन आला. मोजक्या माणसांची परवानगी मिळाली. तांबोळी, त्यांचा जावई, डॉक्टर आणि मी. नगरपालिकेची गाडी फाटकाशी आली. मी बाहेरच्या खोलीत होते, आई मधल्या खोलीत पलंगावर. तिला सांगितलं होतं, तू बसून राहा, आम्ही बघतो.

बाबांना उचलून अंगणातून नेत होतो तेव्हा मागे काही आवाज झाला नाही. फाटकाशी पोचल्यावर तांबोळींनी वळून बघितलं आणि ते जागीच थांबले. आई पायऱ्या उतरून आली होती. दुखरा पाय, चांगला पाय. हातात वॉकर नव्हता, काठी नव्हती, कोणाचा हात नव्हता. ती फाटकापर्यंत आली आणि गाडीचं दार लागेपर्यंत उभी राहिली.

“वहिनी, खुर्ची आणू?” तांबोळींनी विचारलं.

“नको,” आई म्हणाली.

अग्नी मी दिला.

मेअखेरीला हाडांच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, आई चालतायत का? मी म्हटलं, चालतात. ते म्हणाले, वा, चांगलं करून घेतलंत तुम्ही.

*

आई सावरली. माणसं भेटू लागली तसं तिने बाबांबद्दल बोलणंही सुरू केलं, आणि बोलायचं म्हणजे घाटाचीच गोष्ट सांगायची. ज्याला तिने ती गोष्ट सांगितली नाही असं माणूस कराडात नसेल. बँकेत सांगितली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सांगितली, माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांगितली. गोष्टीत गाडी तीन दिवसांऐवजी आठ दिवस उभी राहू लागली. तांबोळी पोलिसांना लाच द्यायला निघाले. शेवट मात्र ठरलेला असायचा: “नसलेल्या गाडीला पास मागणारा माणूस! असा दुसरा झाला नाही.” माणसं पोट धरून हसायची आणि आई सगळ्यांत जास्त. मीही हसायची. दरवेळी ठरवायची, आज घरी गेल्यावर सांगायचं. घरी गेल्यावर ती म्हणायची, “किती हसले ना गं सगळे?” आणि मी हो म्हणून दिवा मालवायची.

चार वर्षांनी भाऊमामांचं सहस्रचंद्रदर्शन आलं आणि आम्ही देवरुखला गेलो. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच माहेरी येत होती. मे महिनाच होता. कार्यक्रम आटोपला, जेवणं झाली, संध्याकाळी पडवीत आई, नलूमामी आणि मी अशा तिघीच फणसाचे गरे सोडवत बसलो. हाताला तेल लावून.

मामीने विचारलं आणि आईने गोष्ट सांगितली. तेल लावलेल्या हातांनी तिला नेहमीसारखे हातवारे करता येत नव्हते, म्हणून ती आवाजच जास्त लावत होती. बाबांचा आवाज तिला आता चांगला जमतो. “नियम तो नियम!” मामी हसून हसून मागे रेलली.

“वन्सं, भावोजी म्हणजे कमालच गो. इतका हेकट माणूस!”

“हेकट म्हणजे किती हेकट,” आई म्हणाली. ती हसत होती. मग तिने एक गरा उघडला, आठळी काढून बाजूला टाकली आणि तो गरा तसाच हातात धरून बसली.

“एक मात्र मला अजून कळलेलं नाही, नलू. घाटमाथ्यापर्यंत मला आणलं. हात धरून. आणि माझ्या माहेरचा जिल्हा लागला तिथे थांबवलं. मी त्या वहीत लिहिलं होतं ना, तुम्हाला मला माहेरी न्यायचंच नाही म्हणून. चिडून लिहिलं होतं. पण त्याच्याखाली त्यांनी काही लिहिलं नाही. एरवी प्रत्येकाखाली लिहायचे. तथ्य आढळले नाही, तथ्य आढळले नाही. त्याच्याचखाली नाही.” ती माझ्याकडे वळली. “खोटीसुद्धा गाडी त्यांना इथवर आणवली नाही का गं?”

मामी काहीतरी बोलायला गेली. मी हातातला गरा खाली ठेवला.

“हद्द बंद नव्हती, आई.”

“ती कुठली असायला? घरातच तर—”

“तसं नव्हे. ऐक. त्या मंगळवारी सकाळी बाबा मागच्या पायरीवर बसले होते. घामाने शर्ट भिजला होता. म्हणाले, छातीत कळ येते, दोन दिवस झाले, तिच्याबरोबर एक फेरीसुद्धा मारवत नाही. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, गेलो तर चौदा दिवस ठेवून घेतील, आणि ती घाबरून पुन्हा पलंगावर जाईल, ती पुन्हा उठायची नाही. पित्तच असेल, सोमवारपर्यंत उतरेल. तोवर तिला काहीतरी सांग, पण हे सांगू नको. तो आदेश त्यांचा नव्हता. मी तुझा हात धरला असता तर ते का नाहीत, हे तू विचारलं असतंस. हद्द मला सुचली. मी लिहिला आणि त्यांची सही घेतली. तुला राग येईल, पण संशय येणार नाही, म्हणून. त्यांना तुला इथे आणायचं होतं, आई. ते मरत होते आणि मला दिसत होतं, आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं नाही.”